कुणीच न मोजलेली किंमत

दिल्लीच्या आझादपूर बाजार समितीत लसणाचा भाव वर जातो. आवक घटली असेल, लग्नसराई असेल, काहीही असेल. आता सांगा, या भावाचा अमेरिकेच्या बंदरात उतरलेल्या चिनी लसणाशी काय संबंध? तो लसूण दिल्लीत पिकलेला नाही, दिल्लीतून गेलेला नाही. पिकवणाऱ्यानं आझादपूरचं नावही ऐकलेलं नसेल. तरीही २००० नंतरची काही वर्षं या चिनी लसणावरचा कर आझादपूरच्या भावपत्रकाशी बांधलेला होता. वॉशिंग्टनमधले सरकारी अधिकारी त्या पत्रकातला मोठ्या गड्ड्यांच्या ‘सुपर ए’ प्रतीचा दर उचलायचे आणि त्यावरून चीनमध्ये लसणाला किती किंमत ‘असायला हवी होती’ हे ठरवायचे. ती किंमत चीनमध्ये कुणी दिली नव्हती, कुणी घेतली नव्हती. कर मात्र खऱ्या डॉलरमध्ये भरावा लागायचा.

या कराचं नाव अँटी-डम्पिंग ड्युटी. वर्तमानपत्रात अर्थविषयक पानावर, कोपऱ्यात, ‘अमुक रसायनावर पाच वर्षांसाठी शुल्क’ अशी दोन ओळींची बातमी येते आणि आपण पान उलटतो. उलटू नका. त्या दोन ओळींच्या मागे माणसानं रचलेल्या सगळ्यात विलक्षण हिशेबांपैकी एक हिशेब आहे.

साधं आयातशुल्क सरळ असतं. माल आला, त्याचा वर्ग पाहिला, दहा टक्के म्हणजे दहा टक्के. कारखाना कुणाचा, मालक कोण, याच्याशी कस्टमला देणंघेणं नसतं. शिवाय जागतिक व्यापार संघटनेत प्रत्येक देशानं आपल्या शुल्कांना कमाल मर्यादा लिहून दिलेली आहे. त्यावर जायचं नाही असा शब्द दिलेला आहे. अँटी-डम्पिंग ड्युटी या मर्यादेच्या वर जाऊन बसते आणि तेही कायद्यानं. ती माणसं ओळखते. एकच वस्तू, एकाच देशातून आलेली, पण या कंपनीला ४ टक्के, त्या कंपनीला ६० टक्के आणि शेजारच्या देशातून आलेल्या त्याच मालाला काहीच नाही.

गुन्हा कोणता? स्वस्त विकणं. नेमकं सांगायचं तर आपल्या देशात ज्या भावानं विकतो त्याहून कमी भावानं परदेशात विकणं. यालाच डम्पिंग म्हणतात. तोटा खाऊनच विकलं पाहिजे असंही नाही. घरी १०० ला विकायचं, बाहेर ८० ला, आणि दोन्हीकडे नफा, तरीही ते डम्पिंगच. आता मोठी गंमत अशी की जागतिक व्यापार कायद्यात डम्पिंगला बंदी नाही! १९४७ च्या गॅट कराराच्या सहाव्या कलमानं फक्त इतकंच म्हटलं की त्यामुळे आयात करणाऱ्या देशातल्या उद्योगाला लक्षणीय इजा होत असेल तर ते निषेधार्ह आहे. स्वस्त विकणारी असते एक खाजगी कंपनी. तिच्यावर करारानं काय बंदी घालणार? करार बांधतो तो उलट बाजूला, चिडलेल्या सरकारला. शुल्क लावायचं असेल तर आधी तीन गोष्टी दाखवा: डम्पिंग झालं, इजा झाली, आणि इजा झाली ती डम्पिंगमुळे झाली.

ही कल्पना पहिल्यांदा कायद्यात आणली कॅनडानं, १९०४ मध्ये. अमेरिकेतले पोलादाचे राक्षसी कारखाने कॅनडात रेल्वेचे रूळ स्वस्तात उतरवत होते. कॅनडाचे कारखानदार म्हणत होते, शुल्क वाढवा. पण सरसकट शुल्क वाढवलं तर शेतकऱ्यांची अवजारंही महागणार. अर्थमंत्री विल्यम फील्डिंग यांनी तोडगा काढला: शुल्क सगळ्यांवर नको, फक्त जो स्वतःच्या घरच्या भावापेक्षा स्वस्त विकतो त्याच्यावर, आणि तेही त्या फरकाच्या हिशेबानं. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि मग अमेरिका या वाटेनं गेले. १९२३ मध्ये जेकब वायनर या अर्थशास्त्रज्ञानं डम्पिंगवर अख्खा ग्रंथ लिहिला. भारतात पहिली चौकशी सुरू व्हायला १९९२ उजाडलं. माल होता पीव्हीसी रेझिन, ज्यापासून पाण्याचे पाइप होतात.

फील्डिंगसाहेबांचा तोडगा ऐकायला किती सोपा! घरचा भाव उणे बाहेरचा भाव. वजाबाकी तर आहे. पण घरचा भाव म्हणजे नक्की कोणता?

सुरुवात भाड्यापासून करू. सुरतच्या कारखान्यातला माल नागपूरला ट्रकनं जातो, हॅम्बुर्गला जहाजानं. एका भावात ट्रकचं भाडं आहे, दुसऱ्यात जहाजाचं, विम्याचं, बंदरातल्या हमालीचं. तेव्हा दोन्ही भावांतून हे सगळं सोलून काढायचं आणि कारखान्याच्या फाटकापाशी येऊन उभं राहायचं. मग दलाली वजा करायची. खोक्यांचा खर्च वजा करायचा. देशातल्या व्यापाऱ्याला ९० दिवसांच्या उधारीवर माल दिला असेल तर त्या उधारीचं व्याजही वजा करायचं, कारण उधारी हीसुद्धा एक सवलतच. परदेशी अधिकारी जाडजूड प्रश्नावली पाठवतात, मग स्वतः विमानानं येतात आणि तुमच्या लेखापालाच्या टेबलापाशी बसून एकेक बिल खातेवहीशी ताडून पाहतात. आणि उत्तरंच दिली नाहीत तर? तर हाताला लागेल ती माहिती वापरायची मुभा त्यांना आहे, आणि हाताला लागतो तो बहुधा तक्रारदारानं अर्जात लिहिलेला आकडा. अमेरिकेनं १९९४ मध्ये चिनी लसणावर जो सर्वसाधारण दर बसवला तो होता ३७६.६७ टक्के. या दरातून सुटायचं तर आपला हिशेब उघडा करून वेगळा दर मागायचा, हाच रस्ता.

पण समजा, घरचा भावच अस्तित्वात नसेल तर?

हसू नका, असं घडलंय. १९७० च्या दशकात पोलंडमधला मेलेत्स इथला विमानांचा कारखाना गोल्फच्या मैदानावर फिरायच्या विजेच्या गाड्या बनवून अमेरिकेला विकत होता. अमेरिकी कारखानदारांनी तक्रार केली. आता पोलंडमध्ये या गाडीची किंमत काय, ते शोधा. साम्यवादी पोलंडमध्ये गोल्फ खेळतो कोण? गाडीला देशात गिऱ्हाईकच नाही. आणि असतं तरी उपयोग नव्हता, कारण तिथल्या किमती बाजारानं ठरत नसत, सरकारी नियोजनानं ठरत.

मग अमेरिकी अधिकाऱ्यांनी काय केलं? ते कॅनडाला गेले. तिथे एक छोटी कंपनी अशाच गाड्या बनवत होती; तिची किंमत त्यांनी पोलंडची किंमत मानली. १९७५ मध्ये डम्पिंग सिद्ध झालं. पुढे त्या कॅनडातल्या कंपनीनं गाड्या बनवणं बंद केलं. आता? आता त्यांनी जे केलं ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ही थट्टाच वाटली होती. पोलंडच्या कारखान्यात एका गाडीला किती पोलाद लागतं, किती तास मजुरी लागते, किती वीज लागते, हे मोजलं. मग त्या प्रत्येक गोष्टीला स्पेनमधला भाव लावला. स्पेन का? कारण आर्थिक विकासाच्या पायरीवर तो पोलंडच्या आसपास होता म्हणून. स्पेनमध्ये असा कारखाना नव्हता. म्हणजे घाम पोलंडचा, पगार स्पेनचा, गिऱ्हाईक अमेरिकेचं, आणि गाडीची किंमत कुठल्याच देशातली नाही.

ही थट्टा टिकली. १९८८ मध्ये ती अमेरिकी कायद्यात रीतसर लिहिली गेली. चीनचा माल जगभर पसरू लागला तेव्हा याच पद्धतीत स्पेनच्या जागी अनेकदा भारत आला. दरडोई उत्पन्न जवळपासचं, आणि जवळजवळ प्रत्येक वस्तू कुठे ना कुठे बनतेच! चिनी कारखान्यानं पलंग बनवायला किती डिंक, किती स्क्रू, किती पुठ्ठा वापरला हे मोजायचं आणि दर भारताच्या कस्टमच्या आकडेवारीतून उचलायचे. त्या वर्षी भारतात कुणी थोडासा, पण अतिशय महागडा डिंक परदेशातून मागवला असेल तर चीनमधल्या पलंगाचा खर्च कागदावर फुगलाच. त्यावर वकिलांची भांडणं जुंपायची, आणि ती भांडणं महिनोन्महिने चालायची.

चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला तेव्हा त्याच्या प्रवेशाच्या करारातच या पद्धतीला १५ वर्षांची मुभा होती. १५ वर्षं संपली त्याच आठवड्यात, डिसेंबर २०१६ मध्ये, चीननं अमेरिका आणि युरोपीय संघाविरुद्ध तक्रारी दाखल केल्या. युरोपनं २०१७ मध्ये आपला कायदा बदलला: आता चीनचं नाव न घेता, ज्या देशात किमतींमध्ये सरकारी हस्तक्षेपानं ‘लक्षणीय विकृती’ आहेत तिथे परक्या देशाचे भाव वापरता येतात. मागचं दार पुढच्या दाराइतकंच रुंद निघालं. चीननं २०१९ मध्ये स्वतःच खटला थांबवायला सांगितलं आणि तो नंतर बासनात गेला.

तुम्ही म्हणाल, हे झालं साम्यवादी देशांचं; आपल्याकडे तर खुला बाजार आहे, आपल्या मालाला खरी किंमत आहे. तर मग आपल्या चादरींची गोष्ट ऐकाच.

१९९७ मध्ये युरोपीय समुदायानं भारत, पाकिस्तान आणि इजिप्तमधून येणाऱ्या सुती चादरी, अभ्रे वगैरे मालावर अँटी-डम्पिंग ड्युटी बसवली. भारतातले बरेच निर्यातदार फक्त निर्यातच करत. देशात तो माल पुरेसा विकतच नसत. म्हणजे पुन्हा घरचा भाव नाही. कायदा म्हणतो, तर मग रचा: उत्पादनखर्च धरा, त्यात कार्यालयाचा आणि विक्रीचा खर्च मिळवा, आणि वाजवी नफा मिळवा. वाजवी नफा किती? युरोपच्या अधिकाऱ्यांना तो एकाच कंपनीच्या पुस्तकांत सापडला: बॉम्बे डाइंग. ज्या नावाच्या चादरी लग्नाच्या आहेरात मिरवल्या जात, त्या कंपनीला देशात मिळणारा नफा त्यांनी घेतला आणि इतर सगळ्या निर्यातदारांच्या खर्चावर चढवला. नाव कमावलेल्या ब्रँडचा नफा, आणि तो बसवला कुणावर? ज्याचं नाव युरोपातल्या गिऱ्हाइकालाही माहीत नाही, जो दुसऱ्याच्या लेबलखाली चादरी शिवून पाठवतो, त्याच्यावर! साहजिकच प्रत्येकाची ‘घरची किंमत’ वर गेली आणि प्रत्येक जण डम्पिंग करताना सापडला.

भारत जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेकडे, तक्रार घेऊन गेला. आणि तिथे उघडी पडली ती आणखी एक युक्ती, याहूनही नामी.

समजा, तुम्ही दोन प्रकारच्या चादरी विकता, सारख्याच संख्येनं. पहिली भारतात ५०० ला, युरोपात ४५० ला. फरक ५०, हे डम्पिंग. दुसरी भारतात ३०० ला, युरोपात ३५० ला. इथे तुम्ही युरोपकडून उलट ५० जास्तच घेताय. बेरीज केली तर फरक शून्य, डम्पिंग नाही. पण युरोपचे अधिकारी काय करायचे? पहिल्या चादरीचे ५० धरायचे आणि दुसरीचे उणे ५० पुसून तिथे शून्य लिहायचे. बेरीज ५०. युरोपातली एकूण विक्री ८००, म्हणून डम्पिंग सव्वासहा टक्के! या प्रकाराला ‘झीरोइंग’ म्हणतात. क्रिकेटच्या स्पर्धेत हरलेल्या सामन्यांतली पिछाडी पुरी मोजायची, जिंकलेल्या सामन्यांतली आघाडी मात्र शून्य धरायची, आणि मग गंभीर चेहऱ्यानं नेट रनरेट जाहीर करायचा, असा हा कारभार. हे कुणी लपूनछपून करत नव्हतं. वर्षानुवर्षं, सहीशिक्क्यानिशी चाललं होतं.

मार्च २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अपील मंडळानं निकाल दिला. झीरोइंग चूक, चौकशी एका वस्तूची आहे, तर त्या वस्तूचे सगळे तुलना करण्याजोगे व्यवहार पूर्णपणे धरा. आणि बॉम्बे डाइंगचा नफाही चूक. करारात ‘इतर निर्यातदारांची भारित सरासरी’ म्हटलंय, आणि एकाची सरासरी निघत नाही. दुसरा मुद्दा तर शाळेतल्या पोरानंही सांगितला असता, पण तो म्हणायला अपील मंडळाला कितीतरी परिच्छेद खर्चावे लागले.

खरा तमाशा यापुढे सुरू झाला. झीरोइंग अमेरिकाही करत होती, आणि भारताच्या खटल्यात ती युरोपच्या बाजूनं बोलली होती. हरलेल्या युरोपनं आता काय करावं? भारताकडून शिकलेला धडा घेऊन तो अमेरिकेवर उलटला! पाठोपाठ जपान, मेक्सिको, इतरही. अमेरिका हरत गेली, पद्धत थोडी बदलत गेली, पुन्हा हरत गेली. २००७ मध्ये एका टप्प्यावर तिनं झीरोइंग सोडलं, २०१२ मध्ये दुसऱ्या टप्प्यावर. पण राग राहिला. आम्ही करारात असं काही मान्यच केलं नव्हतं, मंडळ स्वतःच नवे नियम लिहितंय, हे अमेरिकेचं म्हणणं. माझ्या मते झीरोइंगचा हिशेब बचाव करण्याजोगा नव्हताच. पण कराराची भाषा इतकी गुळमुळीत होती की अमेरिकेचा राग निव्वळ कांगावा होता असंही म्हणता येत नाही.

अपील मंडळात सात सदस्य असतात, एका अपिलाला तीन लागतात, आणि नेमणुकीला प्रत्येक देशाची संमती लागते. अमेरिकेनं संमती देणंच बंद केलं. एकेकाची मुदत संपत गेली. १० डिसेंबर २०१९ ला दोघांची संपली. त्यांतले एक होते भारताचे उजल सिंग भाटिया. उरल्या एकट्या हाँग झाओ. नोव्हेंबर २०२० अखेर त्यांचीही मुदत संपली. १६० हून अधिक देशांच्या व्यापाराचं सर्वोच्च न्यायपीठ रिकामं झालं. कारणं आणखीही होती, पण अमेरिकेनं २०२० मध्ये छापलेल्या आरोपपत्रवजा अहवालात झीरोइंग ठळकपणे आहे. चादरींच्या वजाबाकीतून पेटलेला वाद न्यायपीठाच्या दारापर्यंत गेला होता.

आणि रिकाम्या न्यायपीठाचा उपयोग होत नाही असं थोडंच आहे? नियम असा की अपील प्रलंबित असेतो खालच्या पीठाचा निकाल लागू होत नाही. ऐकायला कुणी नाही, म्हणजे अपील कायमचं प्रलंबित! डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवर भारताच्या उसाच्या धोरणाविरुद्ध निकाल लागला; कोल्हापूर-सांगलीत ज्या एफआरपीसाठी, म्हणजे उसाच्या सरकारनं ठरवलेल्या किमान भावासाठी, रस्ते अडवले जातात, तीच एफआरपी संघटनेच्या मर्यादेबाहेरचा आधार ठरली. त्यावर भारतानं अपील केलं. कुठे? त्या रिकाम्या मंडळाकडे. झीरोइंगविरुद्ध ज्या पीठानं भारताला न्याय दिला, त्याच्या नसण्याचाही लाभ भारतानं घेतला. यात कुणाला दांभिकपणा दिसेल. मला व्यवहार दिसतो, आणि बाकीचे देशही तेच करतात.

बाकी, आपण नुसते सोसणारे राहिलेलो नाही. अँटी-डम्पिंग ड्युटी वापरण्यात भारत आता जगात अगदी पुढच्या रांगेत आहे. चौकशी करतं वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार उपाय महासंचालनालय, शुल्क लावायचं की नाही ते ठरवतं अर्थ मंत्रालय, आणि दोघांचं दर वेळी जमतंच असं नाही. आपल्या पद्धतीत तर आणखी एक काल्पनिक किंमत आहे. परक्याची घरची किंमत रचून झाली की अधिकारी आपल्याच कारखान्याची ‘इजा न होणारी किंमत’ रचतात: कच्चा माल, वीज, यंत्रं नीट वापरली असती तर किती खर्च आला असता, आणि गुंतवलेल्या भांडवलावर २२ टक्के परतावा मिळाला असता तर आपल्या कारखानदारानं काय भाव घेतला असता. दोन कल्पित किमती, आयातीच्या भावापासून दोन फरक. त्यांतला जो लहान असेल तेवढंच शुल्क. हा लहान फरकाचा नियम पाळायला करार भाग पाडत नाही, अमेरिका तो पाळत नाही, भारत पाळतो. शुल्क लागलेला माल ज्यांना कच्चा माल म्हणून विकत घ्यावा लागतो, त्या लघुउद्योजकांना याचा केवढा आधार आहे हे त्यांनाच विचारा.

‘आपला कारखानदार’ असं मी सहज लिहून गेलो. पण आपला म्हणजे कोण? हा प्रश्नही कायद्याला पडतो, कारण तक्रार फक्त देशी उद्योगालाच करता येते.

अमेरिकेत स्मिथ कोरोना नावाची टाइपरायटरची जुनी कंपनी होती. तिच्या तक्रारीवरून १९८० मध्ये जपानी टाइपरायटरवर अँटी-डम्पिंग ड्युटी बसली. जपानच्या ब्रदर कंपनीनं यावर सरळ उपाय केला: अमेरिकेत, टेनेसी राज्यातल्या बार्टलेट गावी कारखाना काढला आणि तिथेच टाइपरायटर बनवायला लागली. इकडे स्मिथ कोरोनानं खर्च वाचवायला आपलं बरंचसं उत्पादन सिंगापूरला हलवलं. तिच्यात ब्रिटनच्या हॅन्सन कंपनीचा मोठा हिस्साही होता. १९९१ मध्ये ब्रदरनं अमेरिकी सरकारकडे अर्ज केला: आम्ही देशी उद्योग आहोत, आणि सिंगापूरहून येणाऱ्या स्मिथ कोरोनाच्या स्वस्त टाइपरायटरमुळे आमच्या अमेरिकी कामगारांना इजा होतेय!

वाणिज्य खात्यानं अर्ज फेटाळला: तुम्ही कसले देशी? ब्रदर कोर्टात गेली, आणि १९९२ मध्ये व्यापार न्यायालयानं खात्याचा निर्णय उलटवला. त्याच वर्षी स्मिथ कोरोनानं न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्टलंडचं टाइपरायटरचं काम मेक्सिकोला नेत असल्याचं जाहीर केलं. १९९५ मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. गिऱ्हाइकं नेली होती ती संगणकानं, आणि संगणक काही कुणी घरच्यापेक्षा स्वस्त भावानं आणून ओतलेला नव्हता.